आंत्रविषार : गवतावर येणारा खोटा आळ

शेळ्या-मेंढ्यांचा आंत्रविषार हा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूच्या ‘डी’ प्रकारामुळे होतो. पावसाळ्याच्या तोंडावर माळ हिरवा झाला की कळपातली धडधाकट कोकरे अचानक दगावतात. मग कुणी म्हणते पान लागले, कुणी म्हणते वैऱ्याने काही घातले. सर्वांत जास्त आळ येतो तो कोवळ्या गवतावर. पण या रोगातले विष गवतात नसते, ते जनावराच्या आतड्यातच तयार होते.

हा जिवाणू बाहेरून येतो आणि एका जनावराचा रोग दुसऱ्याला लागतो, हीही समजूत खरी नाही. त्याचे बीजाणू मातीत असतात आणि निरोगी जनावराच्या आतड्यातही तो थोड्या संख्येने राहतो. आतड्याची हालचाल नीट चालू असेपर्यंत त्याचे विष साचत नाही, लेंड्यांवाटे बाहेर पडते. सुक्या काडीवर काढलेल्या जनावराला एकदम लुसलुशीत चारा किंवा मक्याचा भरडा पोटभर मिळाला, की साखर आणि पिष्ट अर्धवट पचून लहान आतड्यात उतरते. तिथे प्राणवायू जवळपास नसतो आणि खाद्य मुबलक असते, त्यामुळे जिवाणू काही तासांत भरमसाट वाढतो. अनेक जनावरे एकदम मरतात, कारण सगळ्यांचा चारा एकाच वेळी बदललेला असतो. बळी जातात तीही अशक्त नव्हे, तर खादाड, अंगाने भरलेली, भरपूर दूध पिणारी कोकरे.

या जिवाणूचे एप्सिलॉन नावाचे विष बाहेर पडते तेव्हा जवळजवळ निष्क्रिय असते. प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन त्याचा छोटा तुकडा कापते आणि ते प्रखर होते, म्हणजे जनावराचा पाचकरसच त्याला धार लावतो. मग या विषाचे सात रेणू एकत्र जुळून पेशीच्या पटलाला छिद्र पाडतात. आतड्याचे अस्तर रोखून धरेनासे होते, विष रक्तात उतरते आणि मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. मेंदूला सूज येते. कोकरू मान मागे टाकते, पाय झाडते, दात खाते आणि काही तासांत संपते. मूत्रपिंडेही मऊ, लिबलिबीत पडतात.

त्यामुळे आतड्याचा रोग म्हणजे हगवण दिसणारच, हे गृहीत धरता येत नाही. मेंढीत ती बऱ्याचदा होतच नाही. शेळीत मात्र मोठे आतडे सुजते आणि पातळ हगवणीत रक्त व अस्तराचे तुकडे दिसतात.

याच जिवाणूच्या ‘सी’ प्रकाराचे बीटा विष एप्सिलॉनच्या उलट वागते: ट्रिप्सिन त्याला नष्ट करते. नवजात पिलांना ते बाधते, कारण चिकात ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. आतड्याचे अस्तर सडते आणि रक्ती हगवण लागते. पण म्हणून चीक तोडणे हा उपाय नव्हे. लस दिलेल्या आईच्या चिकातूनच पिलाला विषाविरुद्धची प्रतिपिंडे मिळतात.

केवळ जिवाणू सापडला म्हणून निदान पक्के होत नाही, कारण मेलेल्या जनावराच्या आतड्यात तो एरवीही झपाट्याने वाढतो. लहान आतड्यातला ताजा द्रव बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि त्यात विष आहे का, हे तपासावे लागते.

प्रतिजैविकाने जिवाणू मरतात, पण रक्तात उतरलेले विष निकामी होत नाही. एकदा झटके सुरू झाल्यावर उपचाराला फारसा वाव उरत नाही. लसीत निष्प्रभ केलेले विषच असते. पहिल्या वर्षी दोन मात्रा, त्यांत काही आठवड्यांचे अंतर, आणि पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी एक, असा क्रम असतो. शेळ्यांत संरक्षण लवकर उतरते, म्हणून त्यांना बहुधा सहा महिन्यांनीच पुन्हा टोचतात. गाभण मादीला व्यायच्या महिनाभर आधी मात्रा दिली तर चीक समृद्ध होतो. आणि लस दिली असली तरी नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यावा लागतो. पहिले काही दिवस माळावर सोडण्याआधी सुका चारा घालणे हे प्रत्येक मेंढपाळाला जमण्यासारखे आहे.