विजेवरची महागडी गाडी : घेतल्यानंतरचा हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण विजेच्या गाडीची बॅटरी आतून कशी असते ते पाहिलं. त्यावर आलेल्या प्रश्नांचा सूर जवळपास एकच होता. गाडी घेऊ हो, पण सांभाळायला परवडेल का? आणि बॅटरीच गेली तर?

उत्तर आधीच सांगून टाकतो. भीती सगळ्यांना मोठ्या बॅटरीची वाटते. पैसा मात्र जातो टायरमध्ये, विम्यात आणि गाडीच्या उतरत्या किमतीत. आणि गाडी अडते ती बऱ्याचदा एका छोट्याशा बारा व्होल्टच्या बॅटरीपायी.

एक गाडी समोर ठेवूनच बोलू. मर्सिडीजची ईक्यूएस ५८०. ही आपल्या पुण्याजवळ चाकणला जोडली जाते, २०२२मध्ये बाजारात आली तेव्हा किंमत दीड कोटीच्या पुढे होती. बॅटरी १०७.८ युनिटची. युनिट म्हणजे तेच, आपल्या वीजबिलातलं. आता साध्या पंधरा अँपियरच्या प्लगवरून ताशी तीनेक युनिट मिळतात, म्हणजे रिकामी गाडी भरायला दीड दिवस. थ्री-फेजवर अकरा किलोवॅटचा चार्जर बसवला तर दहा-अकरा तास, रात्रीत काम होतं. म्हणून आमचं म्हणणं असं, की गाडीच्या आधी पार्किंग बघा. सोसायटीचा मंजूर वीजभार किती, मीटरपासून तुमच्या जागेपर्यंत केबल कशी नेणार, अर्थिंग नीट आहे का. अर्थिंग खराब असेल तर गाडी चार्जिंग घ्यायलाच नकार देते, आणि तो तिचा शहाणपणा आहे! सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय किती वेळ चालतो ते आम्ही तुम्हाला सांगायला नको.

आता मोठी बॅटरी. ती मोबाइलसारखी दोन वर्षांत बसत नाही. तिला थंड ठेवायला वेगळी व्यवस्था असते, आणि बहुतेक कंपन्या निदान आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात. हमीचा अर्थ मात्र नीट वाचा. साधारणपणे क्षमता सत्तर टक्क्यांच्या खाली गेली तरच ती लागू होते. बहात्तरवर आली तर कंपनीच्या लेखी सगळं ठीक आहे.

बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत : भरलेलं पोट आणि ऊन. शंभर टक्के चार्ज करून नागपूरच्या मे महिन्यात गाडी पंधरा दिवस उघड्यावर ठेवली, तर न चालवताही ती म्हातारी होते. परगावी जाणार असाल तर पन्नास टक्क्यांच्या आसपास, सावलीत ठेवा. रोजच्याला ऐंशी पुरे, लांब निघायच्या आदल्या रात्री शंभर करा. ज्या गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते त्यांचं वेगळं, त्यांना अधूनमधून पूर्ण भरावं लागतं, नाहीतर किती चार्ज उरलाय याचा अंदाज चुकायला लागतो. आपल्या गाडीत कुठली आहे ते पुस्तिकेत असतं. पुस्तिका कुणी उघडत नाही, तो भाग वेगळा.

आणि ही छोटी बॅटरी. दाराची कुलपं, संगणक, दिवे, आणि मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारा विजेचा खटका, हे सगळं बारा व्होल्टवर चालतं. ती मेली की शंभर युनिटं पोटात असूनही गाडी दारसुद्धा उघडत नाही. जर्मनीत एडीएसी नावाची वाहनचालकांची मोठी संघटना आहे, ती रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांची नोंद ठेवते. त्या नोंदींत विजेच्या गाड्यांच्या बाबतीतही पहिला क्रमांक याच छोट्या बॅटरीचा लागतो. तीन-चार वर्षं झाली की ती तपासून घ्या, गरज असेल तर बदला. कोटीच्या गाडीत हा खर्च किरकोळ आहे. दार हाताने कसं उघडायचं, तेही गाडी घेतानाच शिकून ठेवा.

सर्व्हिसिंग खरंच स्वस्त पडतं. इंजिन ऑइल नाही, प्लग नाहीत. पण काहीच नाही असं नव्हे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं. ब्रेकची तर गंमतच आहे. या गाड्या वेग कमी करताना मोटर उलटी वापरून वीज परत साठवतात, त्यामुळे खरे ब्रेक फार लागतच नाहीत. आणि न वापरल्यानेच खराब होतात! पोर्शने टायकानच्या बाबतीत सांगितलंय की रोजचं नव्वद टक्के ब्रेकिंग मोटरच करते. पॅड झिजोत न झिजोत, सहा वर्षांनी बदला, कारण ते जुने होतात. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात डिस्कला गंज धरतो. मोकळा रस्ता बघून, मागे कुणी नाही याची खात्री करून, अधूनमधून ब्रेक जरा जोरात दाबत जा.

टायरचं काय, तर ईक्यूएस अडीच टनांच्या पुढे जाते. वजन जास्त, सुरुवातीचा झटका जास्त, झीज जास्त. टायर घेताना भारक्षमतेचा आकडा कंपनीने दिलेलाच हवा, त्यात काटकसर नको.

पावसाबद्दल गंभीरपणे सांगतो. साध्या पावसाने काही होत नाही. पण तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी बुडाली, तर पाणी ओसरल्यावर चार्जिंग लावून बघू नका. सुरू करू नका. ती इमारतीपासून दूर, मोकळ्यावर ओढून न्यायला सांगा. २०२२मध्ये फ्लोरिडात इयन चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या गाड्यांना आगी लागल्या, त्याही काही दिवसांनी. समुद्राकाठच्या लोकांनी हे घरात सगळ्यांना सांगून ठेवावं, ड्रायव्हरलाही. आणि विमा घेताना बॅटरीत पाणी शिरलं, खालून दगड लागला, तर काय, हे लेखी विचारा.

उरली किंमत. आपल्याकडे या गाड्यांवर जीएसटी पाच टक्के आणि मोठ्या पेट्रोल गाड्यांवर चाळीस, म्हणून घेताना फायदा दिसतो. विकताना चित्र बदलतं. जानेवारी २०२३मध्ये टेस्लाने अमेरिकेत काही मॉडेलांच्या किमती वीस टक्क्यांपर्यंत उतरवल्या. आदल्या आठवड्यात घेतलेल्याची गाडी घरात उभ्या उभ्या स्वस्त झाली. पुढच्याच वर्षी हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या. अपघातानंतरची दुरुस्ती महाग पडते, हे त्यांनी दिलेलं एक कारण.

शेवटी एक चिठ्ठी आलीय, ती वाचतो : ‘मग अशी गाडी सेकंड हँड घ्यावी का?’ आमच्या मते हाच सौदा नीट बघण्यासारखा आहे, कारण मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. अटी दोन. बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल कंपनीच्या वर्कशॉपमधून काढून घ्या, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका. आणि हमी निदान तीन वर्षं उरलेली हवी, ती नव्या मालकाच्या नावावर होते की नाही ते पैसे देण्याआधी कागदावर बघा. जुन्या मॉडेलांबाबत जरा जपून. जॅग्वारची आय-पेस, मर्सिडीजची ईक्यूसी या आपल्याकडे सुरुवातीला आलेल्या गाड्या आता बनतच नाहीत. सुटे भाग किती दिवसांत येतात, हे वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा, विकणाऱ्याला नको.