खाटेपाशीची शाळा

तालुक्याच्या डॉक्टरने चिठ्ठी दिली म्हणून तुम्ही आपले माणूस घेऊन शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जाता. केसपेपर निघतो, खाट मिळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरे डगले घातलेली सात-आठ पोरेपोरी खाटेभोवती गोळा होतात. एक जण नाडी धरतो, दुसरी पोट दाबून पाहते, तिसरा पुन्हा तेच विचारतो जे कालपासून तिघांनी विचारून झालेले असते. मग तुम्ही वैतागून म्हणता, "अहो, आम्ही इथं बरं व्हायला आलोय, का तुम्हांला शिकवायला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे खरे उत्तर, दोन्हींसाठी, असेच द्यावे लागेल. मी स्वतः डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. पण माझ्या बहिणीची मुलगी सध्या वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत ती घरी आली की वॉर्डातल्या हकिकती निघतात. त्या ऐकून मला वाटू लागले की, खाटेवरच्या माणसाची आणि खाटेपाशी उभ्या असलेल्या पोराची एकमेकांना ओळख करून दिली पाहिजे.

डॉक्टर होण्याचा अभ्यास साडेचार वर्षांचा, आणि त्यावर एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी. पहिले वर्ष बहुतेक पुस्तकांत आणि शवविच्छेदनाच्या टेबलापाशी जाते. प्रेत बोलत नाही, लाजत नाही, त्याला दुखतही नाही. तिथून उठून ही पोरे वॉर्डात येतात, आणि समोरचा देह एकदम कण्हू लागतो, पाणी मागतो, "बाळ, मी घरी कधी जाईन?" असे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नसते.

वॉर्डात त्यांना चार गोष्टी शिकायच्या असतात: पाहणे, हाताने चाचपणे, बोटाने ठोकून बघणे आणि ऐकणे. छातीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक करतात, ते तुम्ही पाहिले असेल. पुष्कळांना तो पोरखेळ वाटतो. वास्तविक रांजणात पाणी कुठवर आहे हे तुम्ही बाहेरून ठोकून ओळखता ना? भरल्या जागी आवाज बद्द येतो, रिकाम्या जागी घुमतो. फुप्फुसात हवा असते, म्हणून तिथे घुमणारा आवाज यावा. भोवती पाणी साचले की तो बद्द होतो. ही युक्ती औएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियातील वैद्याने १७६१ साली पुस्तकरूपाने मांडली. त्याचा बाप खाणावळ चालवी. तळघरातली पिंपे ठोकून दारू किती उरली ते पाहण्याच्या रीतीवरून मुलाला हे सुचले, असे सांगतात.

कानात घालायच्या नळीची गोष्ट तर आपल्याकडच्या बायाबापड्यांना विशेष पटेल. पूर्वी वैद्य छातीला सरळ कान लावीत. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातील डॉक्टर लॅनेक याच्यापुढे हृदयाचे दुखणे असलेली एक तरुण स्त्री आली. शरीराने ती स्थूल होती, आणि परक्या बाईच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवले, दुसऱ्याला आपला कान लावला. आणि हृदयाचे ठोके त्याला नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. पुढे त्याने लाकडाची नळी करून घेतली. हल्लीच्या स्टेथोस्कोपचा हा पूर्वज. म्हणजे बाईच्या लाजेचा मान राखता राखता वैद्यकाला एक नवे साधन मिळाले.

पण नळी कानात घातली की ऐकू येते, असे मात्र नाही. गुरुजी विचारतात, "आला का आवाज?" आणि सगळे माना डोलावतात. आमची भाची म्हणते, "मामा, पहिले पंधरा दिवस मला माझ्याच बोटांची खरखर ऐकू यायची."

याहून कठीण काम म्हणजे हकिकत विचारून घेणे. मोठ्या डॉक्टरांना दर खाटेपाशी दोन-चार मिनिटे मिळतात. अर्धा अर्धा तास बसून विचारणारे हेच विद्यार्थी. दुखणे केव्हा सुरू झाले, आधी काय झाले, घरात आणखी कुणाला आहे का, तंबाखू-बिडी आहे का, कोणती औषधे झाली. पुस्तके इंग्रजीत आणि रोगी बोलतो आपल्या गावचे. "अंगात कणकण आहे," "डोळ्यांपुढं अंधारी येते," "पोटात गोळा उठतो," "जीव घाबरा होतो." एकाच्या गावी ज्याला फेफरे म्हणतात त्याला दुसरा मिरगी म्हणतो, तिसरा आकडी. शहरात वाढलेल्या पोराला हे कळेना झाले की ते पुन्हा विचारते, आणि तुम्हांला वाटते की त्याला काही येत नाही!

रोगीही सगळे सांगतोच असे नाही. गावच्या वैदूची पुडी घेतली होती हे भीतीने लपवतो; सुना सासूसमोर अंगावर पांढरे जाते हे सांगत नाहीत. एकच गोष्ट तीनदा विचारण्यात अर्थ असतो तो असा: तिसऱ्या खेपेला खरे बाहेर येते.

आता या पोरांमुळे रोग्याचे कधी नुकसान होते का? होते, आणि त्याचा एक दाखला आमच्या तर्कशास्त्रात नेहमी दिला जातो. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरात अकरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या; दुसऱ्यात तीनांहूनही कमी. शहरात हे इतके माहीत झाले होते की, पहिल्या विभागात घालू नका म्हणून बाया हातापाया पडत.

इग्नाझ सेमेलवाईस नावाचा तरुण डॉक्टर तिथे नेमलेला होता. त्याने एकेक कारण तपासले. गर्दी म्हणावी, तर दुसऱ्या विभागात ती जास्त. हवापाणी म्हणावे, तर दोन्हीकडे एकच. मरणाऱ्या बाईसाठी पाद्री घंटा वाजवीत येतो, तिच्या धसक्याने बाया मरतात असे कुणी म्हणाले. त्याने घंटा बंद करवली. फरक पडला नाही. बाळंतपणाची निजण्याची रीत बदलून पाहिली, तेही फुकट. मार्च १८४७ मध्ये कोलेच्का हे त्याचे स्नेही प्राध्यापक वारले. प्रेत फाडताना विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती, आणि त्यांच्या शरीरात ज्या खुणा सापडल्या त्या थेट बाळंतिणींच्याच! तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी सकाळी प्रेते फाडीत आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासायला येत. सुइणी प्रेतांना शिवत नसत.

मे महिन्यात त्याने हुकूम काढला: वॉर्डात शिरण्यापूर्वी प्रत्येकाने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवावेत. १८४८ साली पहिल्या विभागातली मृत्युसंख्या शंभरी सव्वाच्या आसपास आली, दुसऱ्या विभागाइतकी. जंतूंचे शास्त्र तेव्हा सिद्ध झालेले नव्हते, आणि आपल्याच हातांनी बाया मेल्या हे कबूल करणे मोठ्या मोठ्या डॉक्टरांना जड गेले. पुष्कळांनी त्याचे ऐकले नाही. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

या गोष्टीवरून कुणी म्हणेल, मग विद्यार्थ्यांना वॉर्डात येऊच देऊ नये. तसे करून चालणार नाही. मुंबईला १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाला लागूनच, कारण रोगी न पाहता वैद्य होत नाही. प्रश्न पोरे येण्याचा नाही, ती कशी येतात याचा आहे. आलेल्याने हात धुतले आहेत का, हे तुम्ही खुशाल विचारावे. यात उद्धटपणा काही नाही. "तपासू का?" असे त्याने विचारले पाहिजे, आणि नको वाटले तर तुम्ही नाही म्हणू शकता. बाईमाणसाच्या तपासणीला दुसरी बाई हजर हवी, हे मागण्याचाही तुम्हांला हक्क आहे.

या पोरांवर काय गुजरते तेही थोडे सांगतो. भाचीने एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची हकिकत चार दिवस बसून लिहून घेतली होती. बैलांची नावेसुद्धा तिला पाठ झाली होती. पाचव्या दिवशी सकाळी गेली तर खाटेवर धुतलेली चादर आणि दुसराच माणूस. विचारायचे कुणाला? परिचारिका कामात, डॉक्टर पुढच्या खाटेवर. तिने वही उघडली, नव्या माणसाला नाव विचारले, आणि लिहायला लागली. घरी हे सांगताना मात्र ती मध्येच उठून पाणी प्यायला गेली.

गावच्या शिक्षकांना एक सुचवतो. गावातून कुणी रुग्णालयात निघाले तर अर्धा कागद घेऊन लिहून द्या: ताप कोणत्या तारखेला आला, आधी काय झाले होते, कोणत्या गोळ्या झाल्या, गावातले कोणते औषध घेतले, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का. गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकू नका म्हणावे, जुन्या कागदांबरोबर पिशवीत बांधून द्या. खाटेपाशी वही घेऊन कुणी पोर आले की, हा कागद पहिल्याने त्याच्या हातात द्यायला सांगा.