एकाच थाळात

माझा भाचा क्रूझवर वेटर आहे. सुट्टीत वांद्र्याला आला की सांगतो, "मामू, तिथल्या इटालियन रेस्टॉरंटात भरलेली मोठी बशी टेबलाच्या मधोमध ठेवतात. सगळ्यांनी त्यातून आपापल्या ताटलीत वाढून घ्यायचं. त्याचे वेगळे पैसे!" मला हसू येते.

बोहरी घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. जमिनीवर सफरा अंथरतात, त्यावर बैठकीवर मोठा थाळ, भोवती साधारण आठ जण. आधी चिमूटभर मीठ. गोड आणि तिखट पदार्थ आळीपाळीने येतात. ज्याने त्याने आपल्या समोरचेच खायचे, शीत वाया घालवायचे नाही. इटालियन टेबलावर एकदा वाढून घेतले की घास आपल्या एकट्याचा. थाळात मात्र शेवटपर्यंत शेजाऱ्याच्या भुकेकडे लक्ष ठेवावे लागते.

आम्ही कोकणी मुसलमान, बोहरी नव्हे. अब्बा आगबोटीवर खलाशी होते. शेवटच्या आजारात त्यांचा हात थरथरे, म्हणून घरच्यांनी वेगळी ताटली दिली. त्यांनी ती सरकवून दिली. मग आम्ही दोघे एका तबकात जेवू लागलो. मटणाचे मऊ तुकडे मी हळूच त्यांच्या बाजूला ढकलायचो. त्यांना ते कळायचे. बोलायचे मात्र नाहीत.