पिशवी आणि पेट्रोल

बाजारातून येणारी प्लास्टिकची पिशवी आणि गाडीतील पेट्रोल ही बहुधा एकाच खनिज तेलाची अपत्ये. शुद्धीकरण कारखान्यात तेल तापवले की पेट्रोल-डिझेलसोबत नाफ्था निघतो. त्यापासून इथिलीन, इथिलीनपासून पिशवीचे पॉलिथीन. (नागोठण्यात इथिलीन नैसर्गिक वायूपासून करतात.) भारत ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. तरीही पिशवी नाकारल्याने पेट्रोल स्वस्त होईल, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत नाही. बहुतांश तेल इंधन म्हणूनच जळते आणि पंपावरील दरात केंद्र व राज्याच्या करांचा वाटा मोठा असतो. फेकलेली पिशवी मात्र कुजत नाही. पुण्यात ती कचऱ्यातून वेचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आपल्याच समाजातील आहेत; आणि एवढ्या पातळ पिशवीला भंगारात फारसा भावही मिळत नाही.