जुन्या जीपगाडीचे पुनरुज्जीवन : आधी कागद, मग पाना

विष्णुपुरीच्या शिवारातील जमीन काळी, भारी व पाणी धरून ठेवणारी आहे. गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पामुळे उपसा सिंचनाचे पाणी लोहा-कंधार भागांतील शेतांकडे वळले. परंतु पावसाळ्यात त्या शेतापर्यंत स्वतः पोचणे हे काम आजही सोपे नाही. दोन दिवस पावसाची झड लागली की पांदण रस्त्यात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते, आणि साधी मोटार तर पहिल्या वळणावरच बसते. अशा वाटांवर ज्या एका मोटारगाडीने नाव मिळविले ती जीपगाडी होय. चारही चाकांना एंजिनाची ओढ देता येणे हा तिचा मुख्य गुण.

दुसऱ्या महायुद्धात, 1941 ते 1945 या काळात, अमेरिकेत विलीस व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपत आले तेव्हा विलीस कंपनीने या गाडीचे जे नागरी रूप तयार केले ते मुख्यतः शेतकऱ्यासाठी होते. तिच्या मागे नांगर जोडता येई, आणि एंजिनाची शक्ती पट्ट्याने घेऊन मळणीयंत्रही चालविता येई. आपल्याकडे महिंद्र कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास कार्यक्रम व पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. त्यानंतर गटविकास अधिकारी आणि जीपगाडी ही जोडी खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाची झाली. बियाण्याची पोती, फवारणीचे पंप, गुरांच्या लशीचे डबे आणि पडद्यावर चित्रपट दाखविण्याचे यंत्र अशी नाना प्रकारची सामग्री या गाडीने वाहिली. गावच्या वेशीवर धूळ उडाली की साहेब आले हे पोरांना आधी कळे, पाटलाला मागाहून.

शासकीय गाड्या निकामी ठरल्यावर लिलावात निघत, आणि त्यांतील काही शेतकऱ्यांच्या गोठ्याशेजारी येऊन उभ्या राहत. ही वाट आता बंद झाली आहे. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही; ती नोंदणीकृत मोडणी केंद्रात द्यावी लागतात. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेची काही विशेष वाहने तेवढी यास अपवाद आहेत. म्हणजे पूर्वी खाजगी नावावर चढलेल्या ज्या जुन्या जीपगाड्या आज शिल्लक आहेत, त्यांत शासकीय गाड्यांची नवी भर पडणार नाही. अशी एखादी गाडी शेडमध्ये गंजत पडली असेल, तर ती उभी करण्याचा विचार स्वागतार्ह आहे. मात्र त्या कामाचा पहिला दिवस गॅरेजात नव्हे, तर कागदांच्या पेटीपाशी घालवावा.

पहिला निर्णय

नोंदणीपुस्तकातील चासी क्रमांक व एंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. गंजलेल्या पट्टीवरील आकडे घासकागदाने खरडू नयेत. रॉकेलमध्ये भिजविलेल्या चिंधीने हलक्या हाताने पुसावेत. आकडे जुळत नसतील तर नांदेडच्या परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी आणि तोपर्यंत गाडीवर एक रुपयाही खर्च करू नये. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षे चालते व पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन ती वाढवून मिळते. मध्ये अनेक वर्षे खंड पडला असल्यास दंड, कर व तपासणी यांचा हिशेब आधीच समजून घेतलेला बरा.

यानंतर मालकाने एक गोष्ट ठरवावयाची असते, आणि बहुतेक मालक नेमकी हीच गोष्ट गाडी खोलून झाल्यावर ठरवू पाहतात. गाडी शेतावर वापरावयाची आहे, की जुनी ठेव म्हणून जपावयाची आहे? 2021 साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी व एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. अशी गाडी प्रदर्शनात अथवा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात नेता येते, परंतु रोजच्या वापरास किंवा भाड्याने चालविण्यास नव्हे. ज्याला खताची पोती घेऊन शेतावर जावयाचे आहे त्याला ही नोंदणी उपयोगाची नाही. उलट, ज्याने हौसेने सर्व काही नवे बसविले त्याला पुढे ही नोंदणी मिळणे कठीण. या दोन वाटा पुढे कोठेही एकत्र येत नाहीत.

एंजिन बदलण्याचा मोह

शेतावर वापरण्याची वाट धरली की पहिला मोह एंजिनाचा होतो. मूळ पेट्रोल एंजिन सुमारे 2.2 लिटरचे, चार नळकांड्यांचे. युद्धकाळातील गाडीत दोन्ही झडपा एंजिनाच्या ठोकळ्यात होत्या. 1953 साली आलेल्या उंच बनेटच्या नमुन्यात आत घेणारी झडप वर डोक्यात गेली, म्हणूनच बनेट उंच करावे लागले. हा उंच बनेटचा नमुना अमेरिकेत 1968 साली बंद झाला, पण आपल्याकडे त्याच घडणीच्या गाड्या पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या. त्यामुळे आजही पुष्कळसे सुटे भाग मिळतात, ही या कामातील मोठी सोय आहे.

पेट्रोल महाग पडते म्हणून गावचा मिस्त्री ट्रॅक्टरचे डिझेल एंजिन सुचवितो. कल्पना निराधार नाही. सत्तरच्या दशकात खुद्द महिंद्र कारखान्याने इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या कुळातील डिझेल एंजिन जीपगाडीत बसविले होते. परंतु कारखान्याने मान्यता घेऊन केलेली रचना वेगळी आणि मालकाने झाडाखाली केलेली वेगळी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. झिजलेले एंजिन बदलावयाचे असल्यास नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. न घेतल्यास नोंदणी रद्द होण्याचा धोका असतो. अपघात झालाच तर विमा कंपनी प्रथम हेच कागद मागते, आणि त्या वेळी मिस्त्री साक्षीला येत नाही. बॅटरीवर चालणारा संच बसविण्यास कायद्यात वाट ठेवलेली आहे, मात्र संच मान्यताप्राप्त असला पाहिजे.

पुष्कळदा मूळ एंजिन वाटते तितके खराब नसते. अनेक वर्षे बंद असलेले एंजिन एकदम स्टार्टरने फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक नळकांड्यात थोडे पातळ तेल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे व मग हाताने हँडल मारून ते मोकळे होते का ते पाहावे. दाब मोजूनच एंजिन खोलण्याचा निर्णय घ्यावा. इंधनाचा मार्ग मात्र पूर्णपणे नवा करावा. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2025 मध्ये गाठले गेले, आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा व गॅस्केटे या मिश्रणासाठी बनविलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात व गळतात. उसाच्या मळीचे इथेनॉल व्हावे आणि त्यानेच ऊस-उत्पादकाच्या जीपगाडीची नळी गळावी, हा योग विचित्र खरा; पण इथेनॉलला चालणारी नळी सहज मिळते आणि तिची किंमत आगीपुढे काहीच नाही. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते, म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये.

नवे काय करावे

कायदा न मोडता करण्यासारख्या सुधारणांत ब्रेकला पहिले स्थान द्यावे. जुन्या जीपगाडीत चारही चाकांना एकाच मार्गाने ब्रेकचे तेल जाते. एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. दोन कप्प्यांचा मुख्य सिलिंडर बसविल्यास एक मार्ग तुटला तरी दुसऱ्या मार्गाचे ब्रेक लागतात. हे काम अनुभवी फिटरकडूनच करवून घ्यावे. सर्व लोखंडी व रबरी नळ्या बदलाव्यात. जुन्या नळीस डाग देऊन काम भागवू नये.

जुन्या नमुन्यांत हातब्रेक मागील चाकांना नसून गिअरपेटीमागील फिरत्या दांड्यावर असतो, हे अनेकांस ठाऊक नसते. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरते आणि जमिनीवरचे चाकही सुटते. हातब्रेक ओढलेला असतानाही गाडी सरकते, आणि तिच्याखाली त्या वेळी माणूस असतो. यासाठी जॅक लावण्यापूर्वी पुढील दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे द्यावेत आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नये. ग्रामसेवकांनी ही एक गोष्ट तरी गावातील प्रत्येक जीपमालकास समक्ष सांगावी.

विजेची रचना पुष्कळ जुन्या गाड्यांत 6 व्होल्टची असते. ती 12 व्होल्टची केल्यास दिवे लख्ख लागतात आणि बॅटरी व बल्ब कोणत्याही दुकानात मिळतात. त्या वेळी डायनॅमो, इग्निशनची कॉईल व सर्व बल्ब बदलावे लागतात, आणि पेट्रोलच्या काट्यास व्होल्टेज कमी करणारा भाग जोडावा लागतो. सुरक्षा पट्टे बसविताना त्यांचे बोल्ट नुसत्या तळाच्या पत्र्यास लावू नयेत. पत्रा बहुधा खालून कुजलेला असतो व झटक्यासरशी बोल्टासह फाटून येतो. आतून जाड पट्टी देऊन मजबूत आधार करावा. चासीस पाट्यांच्या कानांपाशी व स्टिअरिंगच्या पेटीजवळ चिरा आहेत का ते रंग देण्याआधी पाहावे. रंगाखाली चीर झाकली जाते, मिटत नाही.

गाडी चालू झाल्यावर तिचा वापरही समजून घेतला पाहिजे. पुढील चाकांची ओढ कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून ठेवू नये. वळताना पुढची व मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. मऊ मातीत चाके थोडी घसरून हा फरक भागवितात, पक्क्या सडकेवर तो सर्व ताण दात्यांवर येतो. काळ्या रानात शिरण्यापूर्वीच ओढ लावावी, रुतल्यावर नव्हे. एंजिनाचा जोर वाढवून चाके फिरवीत बसल्यास गाडी खोल जाते.

शेतावरून परतल्यावर पुढील चाकांच्या वळणगोळ्यांभोवतीची माती ओली असतानाच धुवावी. काळी माती वाळली की ती सीलांना कापते. खोल पाण्यातून गाडी गेली असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी, आसांच्या व गिअरपेटीच्या खालचा बोल्ट किंचित सैल करून थेंबभर तेल पाहावे. ते दुधासारखे पांढरट दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे व सर्व तेल त्याच दिवशी बदलावे.