मालेगावच्या किल्ल्यातले अरब

३ जून १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि पेशवाई संपली. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावच्या भुईकोट किल्ल्यात मात्र त्यानंतरही दहा दिवस बंदुका धडाडत होत्या. तटावरून लढणारे पेशव्यांचे भाऊबंद नव्हते, आसपासच्या वतनाशी त्यांचे नाते नव्हते. ते अरब होते, पगारावर ठेवलेली शिबंदी. धनीच उरला नसताना ही माणसे कुणासाठी लढत होती?

भाडोत्री सैनिकाला इतिहासाने फारसा मान दिलेला नाही. आपल्याकडे ‘गारदी’ म्हटले की ३० ऑगस्ट १७७३चा शनिवारवाडा आठवतो, नारायणरावाचा खून आठवतो. पण त्या दिवशी सुमेरसिंगाचे गारदी वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराचा ओरडा करीत, आणि तो ओरडा कुणालाही खोटा वाटला नाही. पगार थकणे हा त्या काळच्या फौजांचा नेहमीचा आजार होता. गारद्यांचा गुन्हा त्यामुळे लहान होत नाही. पण पगार थकवणाऱ्या दरबाराकडेही पाहायला हवे.

अरबांची भरती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढत गेली. पुणे, नागपूर, बडोदे, हैदराबाद या सगळ्या दरबारांत त्यांच्या पलटणी दिसतात. यातले पुष्कळ जण हद्रमौतचे, म्हणजे येमेनच्या पूर्वेकडच्या कोरड्या, डोंगराळ मुलखातले. पिकणारी जमीन थोडी, टोळ्यांची भांडणे फार. कर्त्या पोराने समुद्र ओलांडून चाकरी धरावी ही तिथली रीत. कमरेला वाकडा जंबिया, खांद्यावर लांब नळीची तोड्याची बंदूक, आणि हुकूम ऐकायचा तो आपल्या जमादाराचाच. तटाआड बसून लढण्यात त्यांची बरोबरी करणारे थोडे होते, म्हणून पगारही इतर प्याद्यांपेक्षा चांगला मिळे. बडोद्यात तर अरब जमादारांच्या शब्दाला एवढे वजन होते की दरबाराच्या देण्याघेण्याला ते जामीन राहत. गायकवाडांच्या सहीपेक्षा सावकाराला जमादाराची हमी पक्की वाटे. १८०२मध्ये इंग्रजांनी त्यांना बडोद्यातून काढले, तेव्हा ती हमी स्वतःच्या शिरावर घेतली आणि तिच्या जोरावर राज्यात पाय रोवले.

हाच धंदा त्याच्या दोन हजार वर्षे आधी ग्रीकांनी केला होता. तिथले हद्रमौत म्हणजे आर्केडिया, पेलोपोनीसच्या मधोमधचा गरीब डोंगरी मुलूख. इ.स.पू. ४०१मध्ये इराणचा राजपुत्र सायरस भावाचे तख्त घ्यायला निघाला, तेव्हा त्याने दहा हजारांहून अधिक ग्रीक पगारावर ठेवले. झेनोफन हा अथेन्सचा माणूस त्यांच्यात होता आणि त्याने या मोहिमेचा वृत्तान्त लिहून ठेवला. त्यात पगाराच्या गोष्टी जागोजागी येतात. तीन महिन्यांहून अधिक पगार थकला, तेव्हा सैनिक सायरसच्या दाराशी तगादा लावत. तार्ससला पुढे जायला नकार दिल्यावर महिन्याला एका सोन्याच्या दारिकाचे दीड दारिक झाले. बॅबिलोनजवळच्या कुनाक्साच्या लढाईत सायरस मारला गेला. शत्रूने सेनापतींना वाटाघाटींसाठी बोलावून कपटाने संपवले. मागे राहिलेल्यांनी नवे म्होरके निवडले आणि आर्मेनियाचे बर्फाळ डोंगर तुडवत काळा समुद्र गाठला. धनी मेल्यावर त्यांच्यापुढे एकच प्रश्न उरला होता: घरी कसे जायचे?

१८१८मध्ये मालेगावच्या अरबांपुढे नेमका हाच प्रश्न होता.

मालेगावचा किल्ला नारोशंकर राजेबहादुरांनी मोसम नदीच्या काठी बांधला. नाशिककर त्यांना गोदाकाठच्या रामेश्वर मंदिरामुळे आणि तिथल्या वसईहून आलेल्या घंटेमुळे ओळखतात. मालेगावला त्यांनी चौकोनी आतला कोट, कोपऱ्यांवर उंच बुरूज, भोवती दुसरा तट आणि खोल खंदक असे भक्कम काम केले. पेशवाई कोसळू लागली तेव्हा खानदेशचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जने इथल्या राजेबहादुरांना फौज जमवून पेशव्यांच्या अंमलदारांना हुसकायची मुभा दिली. पण जमवलेले अरब आपल्या देशबांधवांना जाऊन मिळाले आणि आजूबाजूचा मुलूख लुटू लागले. मालेगाव त्यांचे ठाणे झाले.

मेच्या मध्यावर लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेल किल्ल्यापुढे येऊन ठेपला. त्याच्याकडे जेमतेम हजारभर बंदुकवाले होते. नाशिकच्या डोंगरी किल्ल्यांनी फारसा दम न धरल्यामुळे इथेही तेच होईल, असा त्याचा हिशोब असावा. अरबांनी वेढ्याच्या सुरुवातीलाच बाहेर पडून छापे घातले. २९ मेच्या पहाटे इंग्रजांनी तोफांनी पाडलेल्या खिंडारावर हल्ला चढवला. इंजिनिअर नाटेस खिंडाराच्या माथ्यावर पोचला आणि तिथेच गोळ्या लागून पडला. मागच्यांनी आतल्या बाजूला शिड्या सोडल्या, पण त्या तळापर्यंत पुरेनात. वरून गोळ्यांचा मारा चालूच होता. पेठ तेवढी हाती आली. किल्ला तसाच राहिला. या वेढ्यात इंग्रजांची मेलेली आणि जखमी झालेली माणसे दोनशेंच्या वर गेली. १८१८च्या त्या मोहिमेत एवढी किंमत घेणारे किल्ले थोडेच होते.

एवढ्या हट्टाचे कारण शोधायला तापीकाठी जावे लागते. २७ फेब्रुवारीला थाळनेरच्या किल्ल्यापाशी शरणागतीची बोलणी चालू असतानाच दरवाजात गोंधळ झाला. एकमेकांची भाषा कळेना. झटापटीत इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर जनरल हिस्लॉपच्या फौजेने आतल्या सुमारे तीनशे माणसांची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिले. थाळनेरात अरबही होते. मालेगाव तिथून फार लांब नाही. दार उघडले तर काय होते, हे मालेगावकर अरबांना कुणी सांगायला नको होते.

सिकंदराच्या चरित्रात हाच धडा सापडतो. इ.स.पू. ३३४मध्ये ग्रॅनिकस नदीकाठी इराणच्या चाकरीतल्या ग्रीक सैनिकांनी जीवदान मागितले. सिकंदराने ते नाकारले, बहुतेकांना कापून काढले आणि उरलेल्या दोन हजारांना बेड्या घालून मॅसिडोनियात राबायला धाडले. त्याच वर्षी मायलेटसपाशी तीनशे भाडोत्री ग्रीक एका बेटावर अडकले. ते शेवटपर्यंत लढणार हे दिसताच सिकंदराने अभय दिले आणि त्यांना आपल्याच फौजेत घेतले. ग्रॅनिकसच्या कत्तलीतून जे साधले नाही, ते एका शब्दाने साधले.

मालेगावातही शेवटी तसेच घडले. नगरहून जड तोफा आल्या. ११ जूनला त्यांच्या माऱ्याने दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि तटाचा मोठा भाग खंदकात कोसळला. दुसऱ्या दिवशी जमादार बोलणी करायला आले. त्यांना लेखी अभय हवे होते. मॅक्डॉवेलने मराठीत कागद करून दिला. १३ जूनला किल्ला खाली करायचे ठरले आणि १४ तारखेला अरबांनी बाहेर येऊन शस्त्रे ठेवली.

मग लक्षात आले की लिहिणाऱ्याच्या हातून कागदात मॅक्डॉवेलच्या मनात होते त्याहून जास्त वचन उतरले आहे. नुसते जीवदान नव्हे, अरबांच्या हिताचे ते सारे करू, असा त्याचा अर्थ निघत होता. निःशस्त्र कैद्यांपुढे ‘आमचा अर्थ तसा नव्हता’ म्हणणे अगदी सोपे होते. जिंकलेल्या मुलखाचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याने तसे केले नाही. दिलेला कागद जसा आहे तसा पाळायचा, असे त्याने ठरवले आणि अरबांना खर्ची देऊन सोडले. एल्फिन्स्टन साम्राज्याचा माणूस होता आणि नुकतेच एक राज्य त्याने गिळले होते. तरी या निर्णयाचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. त्यात व्यवहारही होता. नागपुरात डिसेंबर १८१७मध्ये शहर धरून बसलेल्या अरबांवरचा हल्ला फसला होता, आणि तिथेही शेवट अटी मान्य करूनच झाला होता.

पुढे हैदराबादेत अरबांची वस्ती रुजली. बारकस मोहल्ला आजही तिथे आहे. निजामाच्या चाकरीतला जमादार उमर बिन अवद अल-कुऐती याच्या संपत्तीवर तर हद्रमौतमध्ये कुऐती सुलतानांचे राज्य उभे राहिले, ते १९६७पर्यंत टिकले. मालेगावच्या आतल्या कोटात आता काकाणी विद्यालयाचे वर्ग भरतात.

भाडोत्री सैनिक पैशासाठी लढतो, हे खरे आहे. त्याने मुलूख लुटला तेही खरे, आणि मालेगावच्या आसपासच्या गावांनी ते भोगले. पण ज्यांनी त्याला ठेवले, पगार थकवला आणि हरल्यावर वाऱ्यावर सोडले, त्यांचा हिशोब आपण क्वचितच मांडतो. कुनाक्सापासून मालेगावपर्यंत या माणसाच्या मागण्या दोनच होत्या: ठरलेला पगार आणि घरी जायची सुरक्षित वाट. त्या नाकारल्या गेल्या तिथे तो मरेपर्यंत लढला. विश्वास ठेवावा असा शब्द मिळाला तिथे त्याने शस्त्र खाली ठेवले. बेइमान म्हणून त्याला हिणवण्याआधी, त्याच्याशी केलेला करार कुणी कुणी मोडला, ते पाहायला हवे.