इलेक्ट्रॉनिक इग्निशन मोड्यूल : चाचणी आणि जोडणी (उरण परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
उरण हा रायगड जिल्ह्यातील समुद्र व खाडीने वेढलेला तालुका होय. येथील न्हावाशेवा बंदराकडे धावणारे कंटेनर ट्रेलर प्रामुख्याने डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते, ठिणगीची गरज नसते. पेट्रोल मोटारीत मात्र ठिणगी नाही तर गती नाही. कार्ब्युरेटरच्या काळातील मोटार अचानक बंद पडली की पुष्कळदा पहिला संशय इग्निशन मोड्यूलवर घेतला जातो. नवे मोड्यूल बसवूनही दोष कायम राहिला, तर ग्राहकाचे पैसे आणि कारागिराची पत दोन्ही जातात. मोड्यूल दोषी ठरवण्यापूर्वी इतर शक्यता कशा निकालात काढाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी :
चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली बॅटरी इग्निशन पद्धत १९१० च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत आली. तीत कॉइलचा प्रवाह यांत्रिक ‘पॉइंट’ तोडत असे. कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही हीच पद्धत होती. पॉइंट झिजत, जळत आणि त्यांतील अंतर वारंवार जुळवावे लागे. क्रायस्लर कंपनीने १९७३ पर्यंत अमेरिकेतील आपल्या मोटारींत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिले. पुढे भारतीय मोटारींतही पॉइंटची जागा ट्रान्झिस्टरने घेतली.

कार्यपद्धती :
डिस्ट्रिब्युटरमधील (गॅरेजच्या भाषेत ‘डेल्को’) दातेरी चक्र फिरताना पिकअप कॉइलमध्ये सूक्ष्म विद्युतस्पंद निर्माण होतो. त्या संकेतानुसार मोड्यूल इग्निशन कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह सुरू व बंद करते. प्रवाह तुटताच चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. थोडक्यात, मोड्यूल हा केवळ एक वेगवान स्विच आहे. त्याला वीज, अर्थ आणि संकेत या तीन गोष्टी मिळाल्या तरच तो काम करतो.

चाचणी :
१) ठिणगी : स्पार्क टेस्टर जोडून सेल्फ मारावा. वायर हातात धरून किंवा मोकळी सोडून पाहणे धोक्याचे असते. त्यामुळे माणसाला झटका बसू शकतो, तसेच मोड्यूलही निकामी होऊ शकते.
२) वीज : किल्ली चालू असताना कॉइलच्या धन टोकाशी आणि मोड्यूलच्या पुरवठा टोकाशी व्होल्टेज मोजावे. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब साधारणतः १० व्होल्टच्या खाली घसरत असल्यास आधी बॅटरी पाहावी.
३) अर्थ : मोड्यूलची बैठक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील व्होल्टेज सेल्फ मारताना मोजावे. ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असल्यास अर्थजोडणी सदोष समजावी. खाऱ्या दमट हवेत कनेक्टरवर व बोल्टखाली क्षार आणि गंज साचतो. त्यामुळे उरणसारख्या ठिकाणी ही पायरी कधीही वगळू नये.
४) संकेत : पिकअप कॉइलचा रोध कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा आणि सेल्फ मारताना तिच्यातून प्रत्यावर्ती व्होल्टेज मिळते का, हे तपासावे.
५) निर्णय : चाचणी दिव्याचे एक टोक अर्थला व दुसरे कॉइलच्या ऋण टोकाला लावून सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला, तर मोड्यूल स्विचचे काम करीत आहे. अशा वेळी दोष कॉइल, रोटर, कॅप किंवा एच.टी. वायरमध्ये शोधावा. वरील तिन्ही गोष्टी ठीक असून आणि कॉइलचे प्राथमिक वेटोळे अखंड असूनही दिवा लुकलुकत नसेल, तरच मोड्यूल दोषी मानावे.

काही मोड्यूल थंड असताना ठीक चालतात आणि तापल्यावर बंद पडतात. म्हणून गाडी गरम झाल्यावर बंद पडत असेल, तर चाचणीही त्याच अवस्थेत करावी.

जोडणी :
प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. जुन्या मोड्यूलखालील पृष्ठभाग घासून स्वच्छ करावा. ज्या मोड्यूलची उष्णता बैठकीतून बाहेर जाते, त्याखाली उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर द्यावा. साधे ग्रीस हे काम करीत नाही. स्क्रू समप्रमाणात आवळावेत. कॉइलचा प्राथमिक रोध नव्या मोड्यूलला अनुरूप असावा. तो कमी पडल्यास प्रवाह वाढतो आणि नवे मोड्यूलही जळते. शेवटी टायमिंग लाइटने टायमिंग तपासावे.

समारोप :
प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाल्या. नव्या मोटारींत डिस्ट्रिब्युटर उरलेला नाही आणि ठिणगीचे नियंत्रण संगणकीय एककाकडे गेले आहे. तरीही वीज, अर्थ आणि संकेत हा तपासाचा क्रम कायम आहे. पदार्थविज्ञानाच्या वर्गात शिकवले जाणारे प्रवर्तन आणि गॅरेजमधील चाचणी दिवा यांचा हा दुवा विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकातून दाखवता येण्याजोगा आहे. सुटा भाग बदलणे सोपे असते. तो बदलण्याची गरज सिद्ध करणे हेच खरे कौशल्य होय.